यंदा नको

११ ऑक्टोबर २०२१, सोमवार. शुक्रवारी दसरा. अमेरिकेचे डबे त्या आठवड्यात निघाले नाहीत तर लक्ष्मीपूजनाच्या आत पोचत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ‘अमेरिकेसाठी शेवटची तारीख गुरुवार’ असं पत्र आदल्या रात्री लिहून, वहिनींना दोनदा वाचून दाखवून तयार ठेवलं होतं. सकाळी साडेसहाला चहाचा कप बाजूला सारून मी पाठवायचं बटण दाबलं आणि पडद्यावर लाल पट्टी आली. कार्डावरून पैसे जमा झाले नाहीत. खातं तूर्त बंद.

आत भाजणी चालली होती. वहिनींनी तिथूनच विचारलं, “गेलं का, भाऊजी?”

“जातंय,” मी म्हणालो. विम्याच्या ऑफिसात तेहतीस वर्षं काढली की असं उत्तर आपोआप येतं.

आमचा धंदा म्हणजे डोंबिवली पूर्वेला वहिनींच्या दोन खोल्यांत चालणारा दिवाळीचा फराळ. सहा बायका, दोन मोठ्या शेगड्या, आणि गणपती गेले की भाऊबीजेपर्यंत घरात टेकायला जागा नाही. मुलं परदेशी गेलेल्या आईवडिलांनी आधी तिकडे डबे पाठवायला सुरुवात केली. पुढे ती मुलंच थेट मागवू लागली. मी २०१५ साली निवृत्त झालो आणि पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. ‘ईमेल मार्केटिंग’ हा शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेलेला नव्हता. माझ्या लेखी ते गिऱ्हाइकांना पत्र लिहिणं होतं.

पहिली दोन वर्षं जीमेलवर भागवलं. त्यातच एकदा नव्वद जणांचे पत्ते मी ‘बीसीसी’ऐवजी वरच्या ‘टू’च्या रकान्यात टाकले. प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसला. दोघांनी रागावून लिहिलं, एकाने सगळ्यांना उत्तर धाडून स्वतःच्या फ्लॅटची जाहिरात केली, आणि शाळेतल्या दोन मैत्रिणी, एक लंडनला आणि एक सॅन होजेला, तीस वर्षांनी एकमेकींना सापडल्या. दोघी अजून कडबोळी मागवतात, त्यामुळे ती चूक मी पूर्ण तोट्यात धरत नाही. ईमेल मार्केटिंगच्या मूळपुरुषाचंही असंच झालं होतं, हे पुढे वाचलं. ३ मे १९७८ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्कने आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली. सगळे पत्ते वरच्या रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरात सांडले. लोक भडकले, पण माल खपला, असं तो स्वतः सांगत असे.

यादी वाढली तसा जीमेलची चौकट डोक्याला लागली. साध्या खात्यावरून दिवसाला पाचशेच्या वर पत्ते झाले की ते खातं दिवसभर मौन धरतं. व्हॉट्सॲप वापरा, असं सगळ्यांनीच सुचवलं. इथल्या गिऱ्हाइकांसाठी वापरतोही. पण ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नावं, आणि त्यातही ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप जातो. एसएमएस देवनागरीत लिहिला तर सत्तर अक्षरांत संपतो. ‘अनारसे संपले, क्षमस्व’ एवढ्यापुरता ठीक. आणि परदेशी गेलेला माणूस फोन नंबर तीनदा बदलतो, ईमेलचा पत्ता मात्र कॉलेजात उघडलेला तोच ठेवतो. म्हणून ईमेल.

२०१८च्या उन्हाळ्यात वहिनींची मुलगी न्यू जर्सीहून आली होती. तिने दोन तासांत सॉफ्टवेअर निवडून दिलं. “काका, इथं सगळे हेच वापरतात.” नाव सांगत नाही, माझी तक्रार सॉफ्टवेअरपेक्षा आमच्या निवडीबद्दल जास्त आहे. ते काही नावांपर्यंत फुकट होतं, आणि फुकट म्हटल्यावर आम्ही पुढे काही विचारलंच नाही. आमचं दरपत्रक स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याने श्रीलिपीत केलेलं. ते उचलून पत्रात चिकटवलं तर चिवड्याच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि प्रश्नचिन्हं यांची मिसळ झाली. जुन्या फॉन्टात मराठी अक्षर दिसायचं मराठी, आत असायचं इंग्रजीच. मग मी युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्टने टाइप करायला शिकलो, साठीनंतर. आठ दिवस ‘ज्ञ’ सापडत नव्हता. फराळाच्या यादीत त्याची गरज नसते हे माझं नशीब.

आता वहीबद्दल सांगायला हवं.

वहिनींची एक लांब, लाल कापडी पाठीची वही आहे. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि पुढे दोन-चार शब्द. ‘शंकरपाळे कमी गोड.’ ‘शेंगदाणा नको, नातवाला चालत नाही.’ ‘पैसे वडील देतात, मुलाला विचारू नये.’ आणि काही नावांपुढे पेन्सिलीने: ‘यंदा नको.’ त्या घरात वर्षभरात कोणीतरी गेलेलं असतं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी त्या वर्षी दिवाळी नसते, कढई चढत नाही. फराळ शेजारच्यांनी, नातलगांनी नेऊन द्यायचा. अशा घराला ‘ऑर्डर द्या’ म्हणून विचारायचं नाही. वहिनी हे कोणाकडून शिकल्या नाहीत. माझा भाऊ २०१३च्या जूनमध्ये गेला. त्या दिवाळीत वहिनींनी लोकांचे डबे नेहमीसारखे भरले, आपल्या दारात पणती लावली नाही. एका मिठाईच्या दुकानाचे ‘धमाका ऑफर’चे मेसेज त्यांच्या फोनवर रोज येत होते. त्यांना ते मेसेज बंद कसे करायचे हे माहीत नव्हतं आणि मला त्या फोनकडे पाहायचं सुचलं नाही. पेन्सिलीच्या खुणा त्याच्या पुढच्या वर्षापासूनच्या आहेत. पेन्सिल अशासाठी, की वर्ष सरलं की खोडता यावं.

सॉफ्टवेअरला गिऱ्हाइकाच्या दोनच अवस्था कळतात: आहे, नाहीतर गेला. ‘आहे, पण यंदा विचारू नका’ अशी तिसरी अवस्था त्यात नसते. तरी त्या पहिल्या सॉफ्टवेअरात नावाला चिठ्ठी लावायची सोय होती, ज्याला टॅग म्हणतात, आणि अमुक टॅगची माणसं वगळून पाठवा असं सांगता यायचं. मी ‘यंदा नको’ नावाचा टॅग केला. तीन वर्षं बिनबोभाट चाललं. दरम्यान यादी फुकटाच्या मर्यादेबाहेर गेली आणि दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे कापले जाऊ लागले. मोजणी नावांवर. ज्यांनी ‘पुन्हा पाठवू नका’ म्हणून सांगितलं तेही मोजणीत. आम्ही पत्रं लिहिणार श्रावणापासून दिवाळीपर्यंत, भाडं भरणार बारा महिने. शिवाय आमच्या सीएने सांगितलं, परदेशी कंपनीकडून सेवा घेतली की रिव्हर्स चार्जखाली अठरा टक्के जीएसटी आपणच भरायचा. मागाहून त्याचं क्रेडिट मिळतं, पण दर महिन्याच्या हिशेबात एक ओळ वाढते. सीएची फी ओळींवर असते असा माझा संशय आहे.

तर ती लाल पट्टी. कार्डावरून दर महिन्याला परस्पर पैसे कापले जाण्यासाठी ग्राहकाची वेगळी, नोंदवलेली संमती हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू झाला. नियम चांगला होता. पण कितीतरी परदेशी कंपन्यांची त्यासाठी तयारी नव्हती आणि आमच्या सॉफ्टवेअरचा हप्ता नेमका पहिल्या आठवड्यातला. हे सगळं मला दुपारी बँकेत जाऊन कळलं. सकाळी फक्त पट्टी दिसत होती आणि गुरुवार दिसत होता.

मी यादी उतरवून घेतली. खातं बंद असलं तरी तेवढं करू देत होते. उतरलेल्या गाठोड्यात दोन-तीन फायली निघाल्या, मी त्या जोडून एक केली. म्हटलं सगळी माणसं आली. एका फ्रेंच कंपनीकडे नवं खातं उघडलं. तिथं दिवसाला तीनशे पत्रं फुकट जात. अमेरिकेची चारशे दहा नावं. दोन दिवसांत होतील. चढवताना रकाने कोणते घ्यायचे असं त्याने विचारलं. घाईत मी दोनच घेतले, नाव आणि ईमेल. दहा वाजता पहिली तीनशे पत्रं गेली. विषयात मी हौसेने ‘यंदा दिवाळी जोरात!’ असं जोडलं होतं. गेल्या वर्षीची दिवाळी घरात कोंडून गेली होती ना, म्हणून.

ते २०२१ साल होतं. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या लाटेत काय झालं ते प्रत्येकाला आपापल्या घरापुरतं आठवत असेल. मुलं अमेरिकेत, आईवडील इथं, विमानं बंद. वहीत पेन्सिलीच्या इतक्या खुणा त्याआधी कधी नव्हत्या. एकट्या अमेरिकेच्या यादीत एकतीस. टॅगचा रकाना मी घेतलाच नव्हता, त्यामुळे पहिल्याच खेपेत त्यातल्या बावीस घरी माझं ‘जोरात’ पोचलं.

पहिलं उत्तर टेक्सासहून आलं. दोन ओळी होत्या. ‘आमच्याकडे यंदा नाही. काकूंना माहीत आहे.’

काकू म्हणजे वहिनी. मी त्यांना जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. शेगडी बंद केली, हात धुतले, वही काढली आणि वेळेचा फरक बोटांवर मोजून त्या रात्री आणि दुसऱ्या पहाटे बावीसही घरी फोन केले. मी शेजारी बसून नंबर लावून देत होतो. बहुतेकांनी पत्र पाहिलंही नव्हतं. एकीने वडिलांबद्दल अर्धा तास बोलून घेतलं, आणि शेवटी तिनेच विचारलं, बाबांना तुमचा चिवडा आवडायचा, थोडा पाठवाल का. त्या डब्याचे पैसे वहिनींनी घेतले नाहीत.

दुसरी चूकही त्याच फाईलीत होती. जोडलेल्या फायलींपैकी एक, यादीतून निघून गेलेल्यांची होती. त्यांनाही पत्र गेलं. टोरंटोच्या एका गृहस्थांची नोंद पत्त्याअभावी अमेरिकेतच पडली होती. त्यांनी शुद्ध मराठीत, त्यांच्या देशात २०१४पासून लागू असलेल्या कायद्याचा हवाला देऊन मला झापलं. योग्यच केलं. आपल्याला नको म्हणालेल्यांची यादी ही जपायची वस्तू आहे, टाकून द्यायची नाही, हे तेव्हा कळलं. ती बरोबर न्यावी लागते, आणि नव्या घरात सगळ्यात आधी तीच लावावी लागते.

२०२२च्या मे महिन्यात मी निवांत बसलो आणि या खेपेला वही समोर घेऊन सॉफ्टवेअर पाहिली. दिसायला सगळी एकमेकांची भावंडं. सगळ्यांकडे सुंदर नमुने, सगळ्यांकडे आलेख. मी मात्र तीनच गोष्टी विचारत होतो, त्याही दर वेळी वेगळ्या शब्दांत, कारण मदतीला बसलेल्या माणसांना त्या विचित्र वाटत. नऊ महिने आम्ही गप्प बसलो तर किती घेणार? एखाद्याला न काढता यंदापुरतं बाजूला ठेवता येतं का? आणि आम्ही निघून जायचं ठरवलं तर शेरे, टॅग, नको म्हणालेले असं सगळं बांधून देणार का? तिसऱ्या प्रश्नावर एका पोराने चॅटवर मला विचारलं, “सर, तुम्ही यायच्या आधीच जायचं बघताय?” मी म्हटलं, बाळा, मी विमा विकलाय.

ॲमेझॉनची एसईएस नावाची सोय सगळ्यांत स्वस्त निघाली, हजार पत्रांना दहा सेंट. पण ती नुसती नळाची पाइपलाइन. तोट्या, बादल्या आपल्या आपण आणायच्या. ते माझ्या वयाचं काम नव्हतं. त्या फ्रेंच कंपनीचा, सेंडिनब्लूचा हिशेब मला पटला होता: नावं कितीही ठेवा, मोजणी पाठवलेल्या पत्रांची. तिचं नाव पुढे ब्रेव्हो झालं. पण पैसे पुन्हा परदेशी, पुन्हा कार्ड. शेवटी मी चेन्नईच्या झोहोचं ‘कॅम्पेन्स’ घेतलं. रुपयांत बिल, जीएसटीची नीट पावती, आणि महिन्याच्या वर्गणीऐवजी पत्रांच्या संख्येवर आगाऊ क्रेडिट घ्यायची सोय. याहून वरचढ दुसरं नसेल असं माझं म्हणणं नाही. बारमाही दुकान असतं तर मी कदाचित वेगळं घेतलं असतं. आमचा धंदा तेरड्यासारखा, थोडे दिवस रंग. त्याला महिन्याचं भाडं परवडत नाही.

निवडीपेक्षा जास्त वेळ गेला तो मायन्यात. सगळी सॉफ्टवेअर ‘पहिलं नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने देतात आणि पत्रात आपोआप ‘प्रिय’पुढे पहिलं नाव घालतात. इंग्रजीत ठीक असेल. आमच्याकडे चौऱ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना ‘प्रिय विनायक’ असं पत्र गेलं तर ते चकली परत पाठवतील. कोणी राव, कोणी साहेब, कोणी ताई, कोणी काकू; आणि जी बाई वहिनींची वर्गमैत्रीण आहे तिला ‘काकू’ म्हटलं तर तेही चालत नाही. शेवटी मी ‘संबोधन’ असा वेगळा रकाना केला आणि पावसाळाभर वहिनींना एकेक नाव विचारून भरला. अकराशे चाळीस नावं. चार ठिकाणी त्या म्हणाल्या, “यांना काहीच नको, नुसतं ‘नमस्कार’ घाला.” कारण मी विचारलं नाही.

आलेखांची गंमतही तेव्हाच झाली. २०२२च्या पहिल्या पत्रानंतर पडद्यावर आलं, अडुसष्ट टक्के लोकांनी पत्र उघडलं. मी जेवताना ऐटीत सांगितलं. वहिनींनी विचारलं, “आणि ऑर्डरी?” ऑर्डरी एक्केचाळीस. मग शोधल्यावर कळलं, की सप्टेंबर २०२१पासून ॲपलचा मेल पत्रातली चित्रं आपणहून आधीच उतरवून ठेवतो, माणसाने पत्र पाहो न पाहो. आणि सॉफ्टवेअर त्यातल्या एका अदृश्य चित्रावरूनच ‘उघडलं’ असं मोजतं. आमची अमेरिकेची गिऱ्हाइकं बहुतेक आयफोनवाली. म्हणजे मी फोनांना पत्रं वाचून दाखवत होतो. तेव्हापासून मी उत्तरं मोजतो. उत्तर खऱ्या पत्त्यावर यावं, ‘नो-रिप्लाय’ असलं काही नसावं, हे मी आधीच पाहून घेतलं होतं. ‘गेल्या वर्षी कडबोळी मऊ पडली’ एवढ्या एका ओळीने वहिनींनी तळणीनंतर डबा बंद करायची वेळ बदलली.

फेब्रुवारी २०२४मध्ये गूगल आणि याहूने नियम कडक केले. मोठे नियम दिवसाला पाच हजारांवर पत्रं धाडणाऱ्यांना. आम्ही त्यात नाही. पण पत्र खरोखर तुमच्याकडूनच आलं याचा थोडाफार पुरावा सगळ्यांनाच देणं आलं, आणि मागच्या दारातून जीमेलचा पत्ता लावून पत्रं पाठवणं कठीण झालं. आमच्या प्रत्येक पिशवीवर जीमेलचा पत्ता छापलेला, दोन हजार पिशव्या शिल्लक. स्वतःचं डोमेन घेतलं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी त्याच्या नोंदीत घालायच्या होत्या. वहिनींना मी असं समजावलं: पहिली म्हणजे आपल्या नावाने पत्रं कोण आणू शकतं त्यांची वॉचमनकडची यादी, दुसरी म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, तिसरी म्हणजे मोहोर नसलेलं पाकीट आलं तर काय करायचं त्याची सूचना. त्या म्हणाल्या, “मग एवढा वेळ का लागतोय?” एक टिंब जास्त पडलं होतं. ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली. जुन्या पिशव्यांवर स्टिकर लावले.

गेल्या वर्षी, २०२५ला, तर पत्राची खरी परीक्षा झाली. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत जकात नसायची, ती सवलत २९ ऑगस्टपासून संपली. आपल्या टपाल खात्याने २५ तारखेपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. दोन दिवसांवर गणपती. कुरिअरवाले रोज नवा आकडा सांगत होते. मोदकांच्या गडबडीत वहिनींनी ओट्याशी उभ्यानेच पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. चित्र नाही, रंग नाही. ‘या वर्षी डब्यावर तिकडे कर लागेल. नेमका किती ते आज सांगता येत नाही. थांबायचं असेल तर थांबा, रागावणार नाही. डबा अडकला तर पैसे परत.’ फक्त अमेरिकेचा टॅग. आधी नको म्हणालेले वगळून, यंदा नको वगळून. मी दोनदा तपासलं. आता मी नेहमीच दोनदा तपासतो. निम्म्यांनी ऑर्डर दिली नाही, पण नव्वदवर उत्तरं आली. एवढी आधी कधीच आली नव्हती. बरीचशी फराळाबद्दल नव्हती.

दर श्रावणात एका शनिवारी आम्ही दोघं बसतो. त्यांच्या हातात वही आणि खोडरबर, माझ्यासमोर पडदा. ‘यंदा नको’ची नावं त्या एकेक वाचतात. काहींची खूण तशीच राहते, काही नव्या येतात. काहींपाशी त्या थांबतात, तारीख आठवतात.

“टेक्सासची ती मुलगी,” त्या या खेपेला म्हणाल्या. तिची आई गेल्या आषाढात गेली. “वर्ष झालं. आता काढा तिची खूण.”

मी टॅगवर बोट नेलं.

“थांबा. पत्र नंतर. आधी मी फोन करते.”

तिथं रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी नंबर लावून दिला आणि माझा चहा घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.